आधी रॉकेल

लेहच्या हेलिपॅडवर रांगेत माझ्यापुढे निवृत्त जनरल स्तोबदान आणि त्यांची बायको होती. बाईंनी मुलासाठी आणलेली पिशवी हवालदाराने परत केली.

“माफ करा सर, हिवाळ्यात चौकीवर घरचं सामान जात नाही. आधी रॉकेल.”

“अहो, सांगा ना त्याला! आयुष्यभर फौजेला रसद पुरवलीत, आणि पोराला लोकरी मोजे पोचवता येत नाहीत?”

“नियम माझाच आहे, यांगडोल.”

“आठवडा झाला, जिग्मेतचा फोन नाही. खोकत होता तो.”

“हवालदार, वर शेगड्यांना रॉकेल पुरेसं आहे ना?”

“रस्ता यंदा लवकर बर्फाखाली गेला, सर.”

“म्हणजे?”

“आज हेलिकॉप्टर उडालं, तर पुरेल.”

“पिशवी घरी नेऊ, यांगडोल.”

“हा नियम केलात, तेव्हा जिग्मेत जन्मलासुद्धा नव्हता.”