धुतलेल्या काचा

देल्फिना : तो अर्धा खाल्लेला एम्पानादा खाली ठेवा, डॉक्टर ओस्वाल्दो. हात पुसा आणि आधी मायक्रोस्कोपला डोळा लावा.

ओस्वाल्दो : कोणाच्या रक्ताची काच आहे ही? नोएमीची? तिचा निकाल मी परवाच सही करून दिलाय. साधा ल्युकेमिया, कच्च्या पेशी, पेशींच्या पोटात दाणे नाहीत. केमो चालू करायची सोडून तू वॉर्डातून माझ्या लॅबमध्ये कशाला आलीस?

देल्फिना : केमो दुपारी चालू होणार, म्हणूनच आलेय. दाणे नाहीत कसे? तुम्ही ते धुऊन टाकलेत.

ओस्वाल्दो : तोंड सांभाळ. अख्ख्या तुकुमानात माझ्यासारखी स्वच्छ काच कोणी करत नाही. तुलाही मीच शिकवलंय.

देल्फिना : शिकवलंत ना. रंग दिला की पाणी नितळ होईपर्यंत काच धुवायची. आणि बेसोफिल जातीच्या पांढऱ्या पेशींचे दाणे पाण्यात विरघळतात, हेही तुम्हीच शिकवलंत. मला परीक्षेत विचारलं होतंत. स्वतः नळाशी उभे राहिलात की विसरता.

ओस्वाल्दो : अगं, ल्युकेमियात असल्या पेशी निघणं किती दुर्मीळ...

देल्फिना : दुर्मीळ म्हणून बघायचंच नाही? गरम पाण्यानं आंघोळ केली की पोरीचं अंग लालबुंद व्हायचं, खाजवून खाजवून रक्त निघायचं, भोवळ यायची. आणि आपण सगळ्यांनी काय सांगितलं? लिंबाच्या बागेत कामाला जातेस, फवारणी बाधली. चोर सोडून संन्याशाला फाशी. सकाळी मी नवी काच केली. अल्कोहोलमध्ये पक्की केली, टोल्युइडिन ब्लूचा रंग दिला, पाण्यात नुसती बुडवून काढली. बघा आता.

(ओस्वाल्दो मायक्रोस्कोपला डोळा लावतात.)

ओस्वाल्दो : आहेत. जांभळे दाणे. सगळीकडे आहेत.

देल्फिना : पेशी बेसोफिलच्या वळणावर गेल्यात की मास्ट पेशींच्या, ते पुढच्या तपासण्या सांगतील. पण दोन्हींच्या पोटात हिस्टामिन, खाज उठवणारं आणि रक्तदाब पाडणारं रसायन, ठासून भरलेलं असतं. तुमच्या निकालावर विसंबून मी केमो चालू केली असती, तर त्या पटापट फुटल्या असत्या, रक्तदाब कोसळला असता, आणि नोएमी माझ्या डोळ्यांदेखत गेली असती. स्वच्छ काचेपायी.

ओस्वाल्दो : मग आता?

देल्फिना : केमो थांबवलीय. आधी हिस्टामिनला अडवणारी औषधं, स्टेरॉइड, मग बेताबेतानं. निकाल तुम्ही बदलायचा. आणि तिची आई बाहेर बसलीय, तिलाही तुम्हीच सांगायचं.

ओस्वाल्दो : तू सांग ना. तुला ती ओळखते.

देल्फिना : ओळखते म्हणूनच नाही. अख्खा हंगाम मी तिला लिंबाचंच सांगत आले. मला माझीही चीड आलीय. दोन्या सुलेमा, आत या बाई.

सुलेमा : काय झालं? लावलं का औषध माझ्या पोरीला?

ओस्वाल्दो : अजून नाही, दोन्या. माझी चूक झाली. मी काच फार धुतली आणि तिच्या आजाराची खूणच वाहून गेली. ती खाजही या आजाराचीच होती.

सुलेमा : म्हणजे फवारणीची नव्हती?

देल्फिना : नाही.

सुलेमा : लिंबाचीही नव्हती?

ओस्वाल्दो : लिंबाचा काही संबंध नाही.

सुलेमा : दारातलं लिंबाचं झाड मी तोडलं, डॉक्टर. ती जन्मली तेव्हा तिच्या बापानं लावलेलं. तुम्ही डॉक्टरांनीच सांगितलंत ना, लिंबापासून लांब ठेवा. ती हात जोडून रडत होती, नको तोडूस म्हणत होती. आणि मी कुऱ्हाड चालवत तिलाच झापत होते, जीव मोठा की झाड मोठं.

देल्फिना : बसा, दोन्या. पाणी देते.

सुलेमा : मला बसायचं नाही. पाणीही नको तुमचं. हे डॉक्टर आत्ता माझ्याबरोबर येतील आणि तिला स्वतःच्या तोंडानं सांगतील.

ओस्वाल्दो : येतो. आजार नेमका काय आहे ते मी तिला नीट समजावतो.

सुलेमा : आजाराचं नंतर. आधी झाडाचं सांगा.