इंतिसारचा अंगठा

नाही, उम्म नव्वाफ नका म्हणू, बाईसाहेब. इंतिसार म्हणा. सगळं झर्का शहर मला मुलाच्या नावानं, नव्वाफची आई म्हणून हाक मारतं, मारू दे, पण तुम्ही नको — पाय सैल सोडा, ताठ धरला की जास्त दुखतं. हा अंगठा? काही नाही, पाकात बुडाला. साखर-लिंबू उकळताना फोन वाजला, लक्ष गेलं. इतकी वर्षं केस काढायला बायकांच्या पायांना पाक लावतेय आणि भाजले कुठे, तर अंगठ्यावर — हसा, हसा, गल्लीतल्या बायकाही हसल्या. पट्टी सकाळीच निघाली. भरलाय आता. भरायला नको होता, पण भरलाय.

उद्या तुमच्या संसदेच्या समितीत ते कलम येतंय ना, ठेवायचं की काढायचं म्हणून? मेलेल्याच्या घरच्यांनी माफ करून हक्क सोडला की खुन्याची शिक्षा निम्मी, ते. तुम्हाला टीव्हीवर पाहिलं, म्हणून तर तुमच्या बहिणीच्या मागे लागले, एकदा मला त्यांच्याकडे कामाला बोलवायला सांगा. तुम्ही म्हणालात, कुटुंबाला क्षमा करता आली पाहिजे, आईचं मन मोठं असतं. चांगलं बोललात. मी चहाचा पेला धरून ऐकत होते — आईचं मन म्हणजे माझंच की. हं, झालं. ओरडलात तरी चालेल.

माझी थोरली, रुबा, स्वयंपाकघरात भोपळे पोखरत बसली होती. आत भरायचा तांदूळ भिजत होता. आदल्या दिवशी पोलिसात जाऊन आली होती — भाऊ मारतो म्हणून. का मारतो? कामावरच्या एका मुलाचा फोन आला म्हणून. मग ठाण्यातल्यांनी काय केलं? बापाला बोलावलं, पोरीला सांभाळीन अशी सही घेतली आणि त्याच्याच गाडीत बसवून दिलं तिला. मागच्या सीटवर नव्वाफ बसलेला. मला म्हणाली, आई, मी त्यांना सांगितलं ना, मारणारा तो गाडीत बसलाय. ते म्हणाले, बरंच झालं, सोबत होईल.

तर ती भोपळे पोखरतेय, आणि नव्वाफ आत आला, कॉफी कुटायचा बत्ता उचलला. पितळी, माझ्या लग्नातला. पहिला घाव तिनं हातावर घेतला — मनगट मोडलेलं मला ऐकू आलं. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. त्यानं मला तशीच फरफटत नेली, लहानपणी तो माझ्या पायाला बिलगायचा आणि मी त्याला ओढत कामं करायचे ना, तशी. दुसरा घाव कानावर. मग ती खाली, आणि हा वाकून घालतोय — दुसरा पाय द्या. द्या हो, अर्धवट नाही सोडता येत. फरशीवर भोपळ्याच्या बिया होत्या, आणि त्यात तिचे दात. ओल्या फरशीवर वेगळे करता येईनात. मी करत बसले होते.

नव्वाफ दमला. पाणी मागितलं. मी दिलं, बाईसाहेब — हाताला सवय असते. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, “तू माफ करशीलच, आई.” विचारलं नाही हं. सांगितलं. बत्ता उचलायच्या आधीच त्यानं मला हिशेबात धरलं होतं. हातात बत्ता आणि खिशात मी.

बापानं हक्क सोडला. माफीच्या कागदावर उरला माझा अंगठा. सही येते मला, पण ती मी देत नाही, म्हणून अंगठा — तो धरून दाबता येतो, आणि कोर्टातला कारकून दिराच्या ओळखीचा आहे. एका शुक्रवारी नमाजाहून आल्यावर दिरानं मनगट धरलं, नवऱ्यानं शाईचा डबा. मी चावले दिराला, तेव्हा सुटले. दुसऱ्या दिवशी पाक ठेवला. फोनबिन काही वाजला नव्हता. अंगठा धरला त्यात, कातडी पाकाला चिकटून सुटेपर्यंत. कातडी गेली की रेषा जातात, असं वाटलं होतं. त्याच रेषा परत आल्या.

वकीलबाई म्हणाली, कायदा बदलला तरी जुन्या खुनाला लागायचा नाही. माहीत आहे मला. पण माझी धाकटी आहे, लमीस. दीर म्हणतो, तिचीही लक्षणं ठीक नाहीत, नव्वाफ सुटला की वळण लावेल. आणि बोलताना बघतो माझ्याकडे — पुढच्या वेळीही हिचा अंगठा मिळेल का, याचा अंदाज घेत. माझ्या हातातून ती क्षमा काढून घ्या, बाईसाहेब. मला मोठं मन नको.

हा हॉर्न दिराचाच. हल्ली तोच आणतो, तोच नेतो. पट्टीही सकाळी गाडीत त्यानंच सोडली. शाईचा डबा गाडीच्या पुढच्या खणात आहे, इथून थेट कारकुनाकडे — नाही, खिडकी उघडू नका. तुमचं झालं. आज पायांना गरम पाणी लावू नका, सैल सुती घाला. त्याला सांगून पाठवा, अजून एक पाय राहिलाय. तुमचा गॅस कुठे? पाक गार झालाय, उकळायला हवा — नाही, तुम्ही आत येऊ नका. कातडीचा वास सहन व्हायचा नाही तुम्हाला. दार ओढून घ्या.