मयताची बहीण

शॉर्टहँड शिकत होतो तेव्हाचं सांगतो. पनवेलच्या आमच्या क्लासमध्ये सर कोर्टाचे जुने निकाल वाचायचे आणि आम्ही ते मराठी शॉर्टहँडच्या खुणांत उतरवायचो. एकदा अपघाताचा निकाल होता. "मयत जनार्दन हा मौजे कोन या गावाजवळ रस्ता ओलांडत असताना..." माझ्या शेजारच्या सुनंदाची पेन्सिल थांबली.

सर चिडले, "काय गं, मयतचा स्ट्रोक विसरलीस?"

"नाय सर. तो माझा भाऊ."

सरांनी कागद मिटला.

"वाचा सर. कोर्टात आमाला कायच समजला नव्हता."

सरांनी वाचलं. ड्रायव्हरला संशयाचा फायदा देऊन सोडलं होतं. तिनं सगळं लिहून घेतलं, मग विचारलं, "संशयाचा फायदा म्हंजे?"

"पुरावा कमी पडला, की आरोपी सुटतो."

"म्हंजे माझ्या भावाला कोनीच मारला नाय?"