शुक्रवारचा घाट

लिमुरू गावातल्या गॅरेजमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर मायलेकी मिस्त्रीची वाट पाहत होत्या.

"दर शुक्रवारी तू तो घाट उतरतेस आणि इथे माझा जीव टांगणीला लागतो."

"आई, मी हळूच उतरते गं."

"तुझे बाबापण हेच म्हणतात. दरवर्षी ब्रेक पॅड बदलावे लागतात त्यांना."

मिस्त्री हात पुसत आला आणि लेकीला म्हणाला, "वांगेची, पॅड पाहिले तुझ्या गाडीचे. कधी बदललेस?"

"कधीच नाही, काका. जपानहून गाडी आली तेव्हाचेच आहेत. चार वर्षं झाली. पार संपले का?"

"अर्धे शिल्लक आहेत. घाट खालच्या गिअरमध्ये उतरतेस ना?"

"हो. मागचे ट्रकवाले शिव्या घालतात."

"घालू देत. हे पॅड अजून आरामात चालतील."

"देवा! आणि मी मात्र तुझा पोचल्याचा फोन येईपर्यंत दर शुक्रवारी उपाशी बसायचे!"

"उपाशी? कधी बोलली नाहीस ती!"

"बोलले असते तर गाडी ठेवून मटाटूच्या मिनीबसने गेली असतीस. त्या भरधाव ड्रायव्हरांपायी पाणीसुद्धा सोडावं लागलं असतं मला."

"आई, आजही शुक्रवारच आहे."

"माहितीये. जा, समोरून चहा आणि गरम तळलेल्या मांडाझी घेऊन ये."