वजीर सांगून घ्यायचा

माझ्याकडे बुद्धिबळ शिकायचंय म्हणता, तर आधी हे ऐका. परदेशातून शिकून उधन्याला घरी परतले, तेव्हा मला घरादाराला सुधारायचं वेड होतं. वडिलांना, म्हणजे आबांना, रोज बुद्धिबळाची दहा कोडी द्यायचे : दोन चालींत वजीर मारा, तीन चालींत मात करा. आबा दर रविवारी मिलमधल्या निंबाकाकांशी ओट्यावर खेळायचे. एका रविवारी त्यांनी घोड्याने शह देऊन काकांचा वजीर उचलला. मी टाळ्या वाजवल्या.

काका पटाकडे बघत राहिले. "आबा, वजीर जाणार असला की आपण आधी सांगायचो ना?"

"कोड्यात कुठे सांगतात?"

"मग कोडीच खेळ तू," म्हणत काका उठले.

आता आबांची दहाच्या दहा कोडी बरोबर येतात. रविवारीसुद्धा, ओट्यावर एकट्यानेच.