मनगटावरचा वारा

मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडचा, ताई. वडील विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे, शेत आमचं न्हाई, मोटारी दुसऱ्यांच्या, आमची फक्त सायकल आन् पान्यांची पिशवी. मोटार चालतीय पण पाणी येत न्हाई असा निरोप आला की वडील टांग टाकायचे आन् मी मागं कॅरिअरवर. गेल्या गेल्या म्हणायचे, हवा धरलीय. मग पाइपाच्या सांध्यापाशी मनगट धरून बघायचे, हवा कुठून ओढतीय ते. मी विचारायचो, हात का लावत न्हाई, तर म्हणायचे, हाताला घट्टे पडलेत रे, त्याला काय कळतंय, मनगटाची कातडी खरं सांगती. मला तेव्हा हसू यायचं.

आता बगा, तो मोटारवाल्याचा पोरगा बावीस वर्षं झाली चंदीगडात हृदयाच्या ऑपरेशनला मशीन चालवतोय. परफ्युजनिस्ट म्हणतात आम्हाला. हे नाव आमच्या गावात सोडा, झिरकपूरला माझ्या सोसायटीत बी कुणाला ठाऊक न्हाई, सगळे डॉक्टरसाब म्हणतात, मी सांगतो डॉक्टर न्हाई जी, पंपवाला. सर्जन हृदय थांबवून शिवतात ना, तेवढा वेळ हृदयाचं आन् फुप्फुसाचं, दोघांचं काम माझी मशीन करते. अभिमान हाय मला त्याचा, का नसावा?

लोकांना वाटतं हृदय म्हणजे एक पंप. एक न्हाई ताई, दोन, शेजारी शेजारी. उजवा पंप अंगातनं आलेलं काळपट रक्त घेतो आन् फुप्फुसात ढकलतो, तिथं त्याला हवा लागते, लाल होतं, ते येतं डाव्या बाजूला, आन् डावा पंप ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवतो, मध्ये झडपा, गेलेलं माघारी येऊ देत न्हाईत, आमच्या विहिरीतल्या पाइपाच्या फूटव्हॉल्वसारख्याच. आन् रक्तवाहिन्या बारीक बारीक होत जातात, केसाहून बारीक, तिथं हवा देऊन रक्त परत काळपट होऊन निघतं. पण पंप कितीबी जोरात चालू दे, रक्ताला हवाच लागली न्हाई तर त्या फिरण्याला अर्थ न्हाई. हे मला पाठ होतं, आन् मी चुकलो ते नेमकं इथंच, काय सांगू तुम्हाला.

इथून जवळच्या पिंजौरची पोरगी होती, गुरलीन, नऊ वर्षांची. हृदयाच्या पडद्याला भोक. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की दम लागायचा, एक वाक्य धड पुरं होत नसे. आई-बाप परदेशात, सोबत आजोबा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला भेटून यायची माझी सवयच हाय, तर ही मला विचारते, अंकल, मेरा दिल बंद करेंगे तो उसका काम कौन करेगा? मी छाती फुगवून सांगितलं, मैं करूंगा बेटा, पक्का.

आमच्यात मशीन सुरू करायच्या आधी एक यादी असते, एकानं वाचायची, दुसऱ्यानं हात लावून बघायचं. त्या दिवशी सगळी झाली, सगळ्यावर खुणा. मग दुसरं एक यंत्र आत आणायचं होतं, म्हणून मला म्हणाले, तुमची मशीन दोन फूट सरकवा. सरकवताना ताण नको म्हणून मी रक्ताला हवा देणारी बारकी नळी काढली. तेवढ्यात कुणीतरी रक्ताच्या पिशव्यांचं विचारलं, मी उत्तर दिलं, आन् नळी परत लावायची राहिली. कागदावर तर खूण होती. कागद खोटा नव्हता ताई, मशीन हलवल्यावर तो जुना झाला होता.

मशीन सुरू केली. माझ्यासमोर दोन नळ्या असतात, एक येणारी, जांभळासारखी, एक जाणारी, कुंकवासारखी. बघतो तर दोन्ही जांभळी. त्या जुन्या मशीनला ह्याची घंटा नव्हती. मोठ्यानं म्हणालो, सर, ऑक्सिजन नहीं जा रहा, नली निकली है, मेरी गलती है, आन् बोलता बोलता हात गेला आन् नळी बसवली. डोळ्यासमोर रक्त लाल होत गेलं. नशीब एवढंच की तिचं हृदय अजून थांबवलं नव्हतं, तिची फुप्फुसं बी चालू होती. सर्जन सर एवढंच म्हणाले, बोल दिया ना, अब आगे देखो. भोक बुजवलं, हृदय पुन्हा आपलं आपण चालायला लागलं, पण माझं चित्त ठिकाणावर न्हाई. ते काळं रक्त मेंदूत किती गेलं असेल? पोरगी उठली तर कशी उठेल?

ड्युटी संपली तरी मी तिच्या खाटेपासून हललो न्हाई. दुसऱ्या दिवशी तोंडातली नळी काढली, पोरीनं डोळे उघडले, मला ओळखलं आन् घोगऱ्या आवाजात पहिलं काय विचारलं असेल? अंकल, मेरा काम आपने किया? मला रडूच फुटलं. म्हणालो, किया बेटा, पर शुरू में मुझसे गलती हुई थी. आजोबांना सरांनी आधीच सगळं सांगितलं होतं. म्हातारा मला म्हणाला, खुद बोले आप, ये अच्छा किया. अब ऐसा कुछ करो कि किसी और के बच्चे के साथ न हो.

मला वडलांचं मनगट आठवलं. मशीनला खाली एक छिद्र असतं, हवा चालू असली की तिथनं वारा बाहेर येतो. त्या दिवसापासून सगळं हलवून, सरकवून झालं की अगदी शेवटी, मी ग्लोव्हज मागं सारून तिथं मनगट धरतो. वारा लागला तरच मशीन सुरू. सुरुवातीला थिएटरातली पोरं चिडवायची, सांगली टेस्ट हो गया क्या सर? चिडवा म्हटलं. आता ती ओळ आमच्या यादीत छापलेली हाय, सगळ्यात शेवटची, आन् चिडवणारेच नव्यांना शिकवतात. वडील असते तर त्यांना कागद दाखवला असता, तुमचं मनगट छापलंय म्हणून. माझी लेक म्हणते, पापा, फिर वही मोटर की कहानी. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. म्हणू दे.

गेल्या महिन्यात गुरलीन घरी आली. कॉलेजात हाय आता. आमची लिफ्ट बंद होती आन् मी चौथ्या मजल्यावर. तिनं खालून फोन केला, मी म्हटलं थांब, मीच खाली येतो, तर ऐकते कुठं, फोन कानाला लावून निघालीच. आजोबांची तब्येत सांगतीय, परीक्षा सांगतीय, हसतीय, मी दारात उभा राहून ऐकतोय. आजोबांनी दिलेला लाडवांचा डबा हातात ठेवला तेव्हा बी तिचं बोलणं चालूच. माझ्या मशीनखालनं गेलेलं प्रत्येक लेकरू असंच खडखडीत राहो. बाकी काय लिहायचं ते लिहा ताई, पण हे ठळक लिहा, चार मजले चढली आन् एकदाबी थांबली न्हाई, बोलत बोलत आली.