तिसऱ्या बेसपाशी

नेब्रास्कातल्या आमच्या कॉलेजच्या बेसबॉलच्या मैदानावर कोच लिंडक्विस्ट यांचा शेवटचा सामना होता. हॉटडॉगच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि एक टोपीवाले म्हातारे उभे होते.

"माझी तिन्ही मुलं कोचच्या हाताखाली खेळली हो!" आजी त्यांना सांगत होत्या.

"नशीबवान आहात."

"एकतीस वर्षं तिसऱ्या बेसपाशी उभे राहिले. चेंडू जाईना का कुठेही, यांची नजर पळणाऱ्याच्या बुटावर. बेसला पाय लागला की ओरडायचे, 'लागला! पळ!'"

"त्याचा स्वतःचा पाय चुकला होता ना."

"हो, कॉलेजच्या फायनलला! चेंडू कुंपणापार मारला, आता चारही बेसला पाय लावून परत यायचं तेवढं उरलं होतं, तर आनंदात धावले आणि तिसऱ्या बेसला पायच लागला नाही. पंच काही आपणहून बोलत नाहीत, पण समोरच्या संघातल्या कुणा आगाऊ माणसानं दाद मागितली. झाले बाद, गेली फायनल! दुसऱ्या कुणी खेळाचं नाव टाकलं असतं."

"तो आगाऊ मीच, बाई."

"अगं बाई! मग इथं कसे?"

"त्यानंच बोलावलंय. सामन्याआधी संघातली मुलं त्याला चारही बेसची फेरी मारायला लावणार आहेत. लिहिलंय, 'तिसऱ्यापाशी उभा राहा आणि नीट बघ.'"

"अहो, मग रांगेत काय करताय? ते बघा, निघाले सुद्धा! पळा, तुमचा हॉटडॉग मी आणते!"

म्हातारे खरंच पळाले. आजी दोन हॉटडॉगवर मोहरीची चटणी घालत होत्या, तेवढ्यात मैदानातून चिरका आवाज आला,

"लागला! पळ, लेका, पळ!"